डोसची खिडकी आणि समुपदेशकाची खुर्ची

गर्द, हेरॉइन, अफू, डोडा किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुरू झालेल्या वेदनाशामक गोळ्या, यांतलं कोणतंही व्यसन घेऊन माणूस उपचार केंद्रात आला की त्याचा दोन जागांशी संबंध येतो. एक औषधाची खिडकी आणि दुसरी समुपदेशकासमोरची खुर्ची. खिडकीतून मिळणाऱ्या औषधाने काय होतं, यावर वैद्यकात आता फारसा वाद उरलेला नाही. खुर्चीत बसून काय साधतं, यावर मात्र साठ वर्षं वाद चालू आहे. माणसाला माणूसच सोडवतो, औषध निमित्तमात्र, असं एक पक्ष म्हणतो. औषध द्या, समुपदेशन जोडलं काय नि नाही काय, निकाल सारखाच, असं दुसरा पक्ष आकडे समोर ठेवून सांगतो. दोघांच्याही हाती चांगल्या दर्जाचे अभ्यास आहेत. ते एकत्र वाचले तर निघणारा निष्कर्ष दोघांनाही थोडा गैरसोयीचा आहे. या नात्यात खरोखर ताकद आहे. पण औषध मिळवण्याची अट म्हणून ते रुग्णावर लादलं की त्यातली बरीचशी ताकद निघून जाते.

औषधाचा हिशेब

गर्दचा अंमल काही तासांत उतरतो आणि मग ‘टर्की’ सुरू होते. नाक-डोळे गळतात, जुलाब लागतात, पोटात कळा येतात, हाडं मोडून काढल्यासारखी दुखतात, रात्ररात्र डोळा लागत नाही. त्यातून सुटण्याचा एकच उपाय त्या माणसाला माहीत असतो. मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही औषधं मेंदूत गर्द जिथे काम करतो तिथेच जाऊन बसतात, पण सावकाश आणि दीर्घकाळ काम करतात. ब्यूप्रेनॉर्फिनचा परिणाम ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोकाही कमी असतो. योग्य डोसवर असलेला माणूस नशेतही नसतो आणि टर्कीतही नसतो. तो सकाळी उठून कामाला जाऊ शकतो.

औषधाचा खरा हिशेब मात्र मृत्यूंच्या आकड्यांत दिसतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१७मध्ये छापलेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात मेथाडोन उपचारात असलेल्यांमध्ये दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ११.३ मृत्यू दिसले, उपचाराबाहेर पडलेल्यांमध्ये ३६.१. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष घातक ठरले. कारण सरळ आहे. शरीराची सवय मोडलेली असते, डोक्यातलं माप मात्र जुनंच असतं. आधी पचत होती तेवढीच मात्रा आता जीव घेते. म्हणून समुपदेशकाच्या कामाची पहिली कसोटी रुग्ण किती सुधारला ही नसून रुग्ण टिकला का, ही आहे.

न्यूयॉर्क, १९६४

या उपचाराची सुरुवात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत झाली. चयापचयाचे अभ्यासक व्हिन्सेंट डोल, मनोविकारतज्ज्ञ मेरी नायस्वँडर आणि त्यांच्या तरुण सहकारी मेरी जीन क्रीक यांनी १९६४मध्ये हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी २२ रुग्णांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नायस्वँडर मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेल्या होत्या आणि व्यसनी माणसांबरोबर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, नुसत्या बोलण्याने हेरॉइन सुटत नाही हे त्यांनी मान्य केलं. १९६७मध्ये डोल आणि नायस्वँडर यांनी हेरॉइनचं व्यसन हा चयापचयाचा आजार आहे, अशी मांडणी केली. व्यसनी माणूस म्हणजे स्वभावाने बिघडलेला माणूस, या समजाला त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. या कार्यक्रमात स्थिरावलेल्या रुग्णांनाच नव्या रुग्णांच्या मदतीला घेतलं जाई. या उपचारातले पहिले समुपदेशक एका अर्थी तेच.

त्याच काळात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला वेगळा प्रयोग चालू होता. चार्ल्स डेडरिक यांनी १९५८मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही वसाहत सुरू केली होती. तिथे औषधाला जागा नव्हती. सगळे गोल करून बसायचे आणि एकेकाचं ढोंग, खोटेपणा, कमकुवतपणा चारचौघांत सोलून काढायचे. ‘गेम’ म्हणत त्याला. पुढे सिनॅनॉन एका हिंसक पंथात रूपांतरित होऊन बदनाम झालं, पण ‘व्यसनी माणसाला तोडल्याशिवाय तो घडत नाही’ हा विचार तिथून जगभरच्या केंद्रांत पसरला.

तिसरी धारा सरकारी नियमांची. अमेरिकेत १९७२पासून मेथाडोन फक्त परवानाधारक दवाखान्यांतून मिळू लागलं. सोबत समुपदेशन आणि लघवीची तपासणी यांची सक्ती आली. औषध घरी न्यायची परवानगी म्हणजे ‘टेक-होम’ कोणाला द्यायची, याची शिफारसही बहुतेक ठिकाणी समुपदेशकाच्या फाइलवरून ठरू लागली. आजच्या समुपदेशकाच्या खुर्चीत या तिन्ही धारा एकत्र बसलेल्या आहेत: सोबती, खडसावणारा गुरू आणि सरकारी तपासनीस. नात्यातले बहुतेक ताण या तिघांच्या आपसांतल्या झगड्यातून येतात.

माणसापरत्वे फरक

नात्याच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा फिलाडेल्फियाच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून आला. लेस्टर लुबोर्स्की, थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये मेथाडोन घेणाऱ्या माजी सैनिकांवर काम करणाऱ्या नऊ उपचारकांची तुलना केली. उपचारपद्धती कोणती, यापेक्षा उपचारक कोण, यावर निकाल जास्त अवलंबून दिसला. त्यातही ‘हा माणूस मला मदत करतोय आणि आम्ही मिळून काम करतोय’ ही रुग्णाची भावना यशाशी सर्वांत जवळून जोडलेली होती.

तीन वर्षांनी याच गटाला आयता प्रयोग मिळाला. दवाखान्यातले दोन समुपदेशक नोकरी सोडून गेले आणि त्यांचे ६२ रुग्ण उरलेल्या चौघांमध्ये वाटून द्यावे लागले. दवाखाना तोच, औषध तेच, नियम तेच. बदलला तो फक्त समोरचा माणूस. पुढच्या महिन्यांत चौघांचे निकाल एकमेकांपासून दूर गेले. एकाच्या रुग्णांचं नशापाणी कमी झालं, कामधंदा सुधारला आणि डोसही कमी लागू लागला. दुसऱ्याकडे नेमकं उलटं घडलं. संशोधकांनी दोघांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या, तेव्हा चांगल्या समुपदेशकाचं वैशिष्ट्य फार काव्यमय निघालं नाही. तो रुग्णाला नियमित भेटत होता, योजना लिहून ठेवत होता, पुढच्या भेटीत तोच धागा पकडत होता आणि गरज पडली की योग्य ठिकाणी पाठवत होता. आपुलकीचा पाया इथे शिस्तशीर कामात होता. एकाच दवाखान्यातल्या पुरुष माजी सैनिकांवरचा हा छोटा अभ्यास आहे, ही त्याची मर्यादा. पण समुपदेशकागणिक फरक पडतो, हे नंतर इतर व्यसनांच्या अभ्यासांतही वारंवार दिसलं.

मग १९९३चा प्रसिद्ध प्रयोग झाला. ९२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याला फक्त मेथाडोन, दुसऱ्याला मेथाडोन आणि समुपदेशन, तिसऱ्याला त्यावर वैद्यकीय, मानसोपचार, नोकरी आणि कौटुंबिक मदत. सहा महिन्यांच्या या प्रयोगात पहिल्या गटातल्या ६९ टक्के रुग्णांची नशा थांबेना किंवा त्यांच्यावर तातडीचं वैद्यकीय संकट आलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होतं, तिसऱ्यात १९. पुढची अनेक वर्षं समुपदेशनाच्या सक्तीचं समर्थन याच आकड्यांवर उभं राहिलं.

उलट्या बाजूचा पुरावा

एकविसाव्या शतकात आकड्यांनी दिशा बदलली. येल विद्यापीठात डेव्हिड फिलिन आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये साध्या डॉक्टरी दवाखान्यात ब्यूप्रेनॉर्फिन घेणाऱ्या १६६ रुग्णांची तुलना केली. काहींना दर भेटीत वीसेक मिनिटं मिळत, काहींना पाऊण तास. निकालात लक्षणीय फरक नव्हता. रॉजर वाइस यांच्या गटाने २०११मध्ये वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकलेल्या ६५३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात वैद्यकीय भेटींवर वेगळं समुपदेशन जोडलं. जास्तीचा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने ३५ अभ्यास एकत्र करून हेच सांगितलं: औषधाच्या नेहमीच्या उपचाराला एखादी ठरावीक मानसोपचार पद्धत जोडल्याने टिकाव किंवा नशा यांत फारसा बदल होत नाही. बाल्टिमोरमध्ये तर प्रतीक्षायादीतल्या लोकांना जवळजवळ समुपदेशनाशिवाय मेथाडोन देऊन पाहिलं. नुसत्या यादीत ताटकळत राहिलेल्यांपेक्षा त्यांचा हेरॉइनचा वापर बराच कमी झाला.

दोन्ही पुराव्यांची संगती लागते, पण त्यासाठी कशाची कशाशी तुलना झाली ते पाहावं लागतं. फिलिन यांच्या अभ्यासातला ‘कमी’ गट एकाकी नव्हता. ओळखीची नर्स नियमित भेटत होती, विचारपूस करत होती, अडचण ऐकत होती. कॉक्रेनच्या आढाव्यातल्या बहुतेक तुलना-गटांतही साधं समुपदेशन होतंच. म्हणजे या अभ्यासांनी नात्याला निरुपयोगी ठरवलं नाही. एका पुरेशा नात्यावर दुसरं, जास्त मिनिटांचं किंवा जास्त नावाजलेलं नातं चढवल्याने फरक पडत नाही, एवढंच त्यांनी दाखवलं. बाल्टिमोरचा धडा मात्र वेगळा आणि पक्का आहे. नातं नसलं तरी औषध काम करतं. औषध नसेल तर नात्याला काम करायला रुग्णच उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत हाच मधला मार्ग घेतला. मानसिक-सामाजिक आधार सर्वांना देऊ करावा, पण तो नाकारणाऱ्याचं औषध अडवू नये. अमेरिकेनेही २०२४च्या नियमांत समुपदेशन नाकारणाऱ्याला मेथाडोन नाकारता येणार नाही असं स्पष्ट केलं. सक्ती सुरू झाल्यापासून तिथे पन्नासहून अधिक वर्षं गेली होती.

नात्याचे तीन घटक

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन घटक सांगितले: ध्येयावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि परस्परविश्वास. व्यसनोपचारात बहुतेक वेळा तिसऱ्याची चर्चा होते आणि घोटाळा पहिल्यात असतो. रुग्णाला टर्की थांबवायची असते, नोकरी टिकवायची असते, बायको माहेरून परत यावी असं वाटत असतं. समुपदेशकाच्या डोक्यात मात्र ‘कायमची संपूर्ण मुक्ती’ असते. रुग्ण मान हलवतो, पण करार झालेलाच नसतो. पहिल्यांदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, की दोघांनाही फसवल्यासारखं वाटतं.

पेट्रा मायर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये अमली पदार्थांच्या उपचारातल्या नात्यावरचे अभ्यास तपासले. सुरुवातीच्या काही भेटींत जमलेलं नातं रुग्ण उपचारात गुंतेल आणि टिकेल का, हे बऱ्यापैकी सांगतं, असं त्यांना आढळलं. नशा किती कमी होईल, हे मात्र त्यावरून तितकं खात्रीने सांगता येत नाही. टिकण्यावर जीव अवलंबून असतो, हे लक्षात घेतलं तर हा निष्कर्ष लहान नाही.

खडसावण्याच्या पद्धतीचं काय झालं, याचं उत्तर विल्यम मिलर यांनी १९९३मध्ये दिलं. अभ्यास दारूच्या रुग्णांवरचा होता, पण धडा व्यापक आहे. समुपदेशक जितका वाद घालत आणि आरोप करत गेला, तितकं रुग्णाचं पिणं पुढे जास्त निघालं. मिलर यांनी त्याआधीच मांडलेल्या ‘प्रेरक संवाद’ पद्धतीला या शोधाने आधार दिला. तिच्यात सोडण्याची कारणं समुपदेशक सांगत नाही. रुग्णाच्या तोंडून ती निघतील असे प्रश्न विचारतो.

ऐकणाराच पहारेकरी

तरीही मुख्य अडचण कौशल्याची नाही, अधिकाराची आहे. जो माणूस ‘मनातलं सगळं सांग’ म्हणतो, त्याच्याच हातात लघवीचा अहवाल असतो आणि त्याच्याच शिफारशीवर टेक-होम ठरतं. अशा माणसाला ‘काल रात्री मारली’ असं कोण सांगेल? रुग्ण शहाणा असतो. तो समुपदेशकाला हवं ते बोलायला शिकतो आणि खरं बोलणं खिडकीबाहेरच्या रांगेत, दुसऱ्या रुग्णांशी करतो. स्लिपची माहिती ही उपचारातली सर्वांत मोलाची माहिती. पण ती सांगण्याची किंमत डोसच्या रूपात मोजावी लागत असेल, तर ती दडवली जाणारच.

याचा अर्थ बक्षीस-शिक्षेचा उपयोगच नाही असा नाही. बाल्टिमोरच्या मॅक्झिन स्टिट्झर आणि सहकाऱ्यांनी टेक-होम डोस बक्षीस म्हणून देऊन नशा कमी होते हे दाखवलं. त्यांच्याच कामातून दुसरी बाजूही पुढे आली: नशा केली म्हणून डोस कमी केला, तर ज्यांना उपचाराची सर्वाधिक गरज असते तेच उपचार सोडून जातात. बक्षीस चालतं, पण औषध काढून घेणं ही शिक्षा होता कामा नये. आणि बक्षिसाचा निर्णय लिखित नियमाने, दुसऱ्या कोणी घ्यावा. समुपदेशकाच्या मर्जीवर तो राहिला की खुर्ची पुन्हा पहाऱ्याची होते.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे अमेरिकेने स्थिर रुग्णांना एकदम २८ दिवसांचं मेथाडोन घरी द्यायला परवानगी दिली. मोठा अनर्थ होईल ही भीती होती. ती मोठ्या प्रमाणात खोटी ठरली आणि २०२४च्या नियमांनी ही मुभा कायम केली.

पुणे, मुंबई, पंजाब

महाराष्ट्रात हा प्रश्न १९८०च्या दशकात गर्दच्या लाटेबरोबर आला. अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखनाने मध्यमवर्गाला हादरवलं आणि १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर, पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. त्याआधी १९८१मध्ये मुंबईत फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन उभारलं होतं. दोन्हीकडे मुख्य मार्ग निवासी उपचार, गटचर्चा आणि संपूर्ण व्यसनमुक्ती. मुक्तांगणचा ३५ दिवसांचा उपचार अनेक मराठी घरांना माहीत आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनीच नव्यांचा हात धरायचा, ही तिथली रीत डोल-नायस्वँडर यांच्या पहिल्या कार्यक्रमाशी जुळते, जरी दोघांचे औषधाबद्दलचे विचार वेगळे असले तरी. असा समुपदेशक जे कमावतो ते पदवीने मिळत नाही: ‘मीही प्लॅटफॉर्मवर झोपलोय’ या वाक्याला उत्तर नसतं. पण अमेरिकेतल्या तुलनांत स्वतः व्यसनातून आलेले आणि न आलेले समुपदेशक यांच्या निकालांत मोठा फरक दिसला नाही. स्वतःचा अनुभव दार उघडतो. ‘मला जमलं, तुला का नाही?’ असा तो वळला की तेच दार बंदही करतो.

औषधाचा मार्ग सरकारी पातळीवर एचआयव्हीच्या दारातून आला. सुई वाटून घेतल्याने पसरणारा संसर्ग रोखायला राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७मध्ये ब्यूप्रेनॉर्फिनचा उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला. या केंद्रांत नर्स गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवते आणि ती विरघळेपर्यंत रुग्णाला समोर बसवते, म्हणजे गोळी तोंडात लपवून बाहेर विकता येत नाही. समुपदेशक हे या केंद्रांतलं मंजूर पद आहे. पण रोजची गाठ पडते ती नर्सशी. आज चेहरा उतरलेला आहे, सूज आलीय, दोन दिवस खाडा झालाय, हे आधी तिच्या लक्षात येतं. उपचारातल्या नात्याची गणना करताना तिला वगळणं ही आपल्या बहुतेक आराखड्यांतली चूक आहे. पंजाबने २०१७पासून बाह्यरुग्ण पद्धतीने ब्यूप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन देणारे दवाखाने उभारले, तिथेही प्रचंड रुग्णसंख्येपुढे समुपदेशकाच्या वाट्याला प्रत्येकासाठी मोजकी मिनिटं येतात. एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात ओपिऑइड, म्हणजे अफू-गर्दच्या गटातले पदार्थ, वापरणाऱ्यांची संख्या सुमारे २.२६ कोटी निघाली. या संख्येपुढे तासाभराच्या बैठका कोणत्याही सरकारला परवडणाऱ्या नाहीत.

आपल्याकडच्या नात्यात आणखी दोघं बसलेले असतात. पहिलं, कुटुंब. रुग्णाला बहुतेकदा आई, बायको किंवा भाऊ घेऊन येतो, फीही तेच भरतात, आणि ‘काय म्हणाला तो तुम्हाला?’ असं दारातच विचारतात. समुपदेशक कोणाचा, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं नाही तर रुग्ण त्याला घरच्यांचा वकील समजतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात, आणि गोपनीयतेचा हक्क या रुग्णांनाही आहे. केंद्रांच्या व्यवहारात त्याची आठवण मात्र क्वचितच ठेवली जाते. दुसरा, कायदा. अमली पदार्थविरोधी कायद्याचं ६४-अ कलम स्वतःहून उपचार घेणाऱ्याला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं, पण उपचार पूर्ण केला नाही तर ते संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे ‘उपचार पूर्ण’ या शेऱ्याला तुरुंगाची छाया आहे, आणि तो शेरा लिहिणाऱ्यासमोर बसलेला माणूस मोकळं बोलेल ही अपेक्षा भाबडी आहे.

मग करायचं काय?

पहिलं, ओपिऑइडच्या रुग्णाला कोणत्याही केंद्रातून, मग ते निवासी असो वा संपूर्ण मुक्तीचा आग्रह धरणारं असो, ब्यूप्रेनॉर्फिनसारख्या औषधाचा पर्याय सांगितल्याशिवाय आणि ‘आता जुनी मात्रा घेतलीस तर मरशील’ हे स्पष्ट शब्दांत बजावल्याशिवाय घरी सोडू नये. सत्कार समारंभ आणि शुभेच्छा यांच्यापेक्षा हे वाक्य जास्त जीव वाचवेल. दुसरं, डोस, टेक-होम आणि प्रमाणपत्र यांचे निर्णय समुपदेशकाच्या हातून काढून डॉक्टर आणि लेखी नियम यांच्याकडे द्यावेत. तिसरं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत समुपदेशकाचा वेळ सढळ हाताने खर्चावा आणि पुढे स्थिरावलेल्याला कमी भेटींची मुभा द्यावी, कारण रुग्ण टिकतो की जातो याची चिन्हं सुरुवातीलाच दिसतात. चौथं, नर्स आणि व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते यांना उपचारातल्या नात्याचं प्रशिक्षण द्यावं, आणि समुपदेशकांना टिकून राहावंसं वाटेल असा पगार द्यावा. दर वर्षाला समुपदेशक बदलला, तर रुग्णाला तीच कहाणी दर वर्षी नव्या माणसाला सांगावी लागते.

यांतलं काहीच अवघड शास्त्र नाही. अडचण एवढीच, की त्यासाठी केंद्रांना आपल्या हातातली ताकद सोडावी लागते. औषधाला धरून रुग्णाला वाकवता येतं हे खरं. पण वाकलेला माणूस खरं बोलत नाही, आणि खरं न बोलणाऱ्या माणसाला कोणताही समुपदेशक मदत करू शकत नाही.